माझ्यामागं कुणी नाही

"शेवटी कोन ऱ्हानार?" चहाचे चार पेले आमच्यापुढे ठेवत हौसाबाईनं विचारलं.

"मी," मी म्हटलं. "मी यांचं शेपूट."

इलाहीभाई तांबोळी हसले. सायकलवाल्यांच्या टोळीत सगळ्यात मागं राहणाऱ्याला आम्ही शेपूट म्हणायचो. पंक्चरचं सामान, चेन जोडायचं यंत्र, जादा ट्यूब सगळं त्याच्याकडे. कुणी दमला, कुणाची सायकल बिघडली, की शेपटानं थांबायचं. शेपटाच्या मागं माणूस राहिला तर शेपूट असून उपयोग काय? माझं कराडात सायकल दुरुस्तीचं दुकान, म्हणून हे काम कायमचं माझ्या गळ्यात पडलेलं. तक्रार नव्हती. मला उलट त्यात जरा मोठेपणाच वाटायचा.

आम्ही चौघं होतो. सगळ्यांच्या पुढे जोगळेकर मॅडम, निवृत्त भूगोल शिक्षिका, वय साठ, पण चढावर भल्याभल्यांना घाम फोडायच्या. त्यांना एक पुस्तिका काढायची होती, डोंगरातल्या आणि नदीखोऱ्यातल्या गाडीविना वाटांची. दिवसभरात एकही मोटार भेटली नाही तरच ती वाट पुस्तिकेत, नाहीतर काट. दुसरे इलाहीभाई, एसटीच्या कारखान्यातनं निवृत्त झालेले. तिसरा श्रीपाद, माझा मेहुणा, आणि चौथा मी, भालचंद्र.

श्रीपाद म्हणजे माझ्या बायकोच्या, मालनच्या पाठचा भाऊ. चौतीस वर्षांचा, शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी, स्वभावानं गरीब. चार माणसांत बसला तर आहे की नाही कळायचं नाही. बऱ्याच खटपटींनंतर कुठं त्याचं लग्न ठरलं होतं. निघताना मालननं मला दारात अडवलं. "लग्न तोंडावर आलंय त्याचं. त्याला मागं टाकून येऊ नका. धड घेऊन या."

"अगं, मी शेपूट आहे. माझ्यामागं कोण राहणार?" मी म्हटलं.

आता हौसाबाईंकडे येतो. आंबेखोल गावाच्या टोकाला, जिथनं जुना घाट चढायला लागतो, तिथं त्यांचं घर. पलीकडे खडपीची खिंड, खिंडीच्या पलीकडे तांबी नदीचं खोरं. नवा रस्ता दुसरीकडनं गेलेला, आणि या घाटात गाडी नाही. मॅडमनी चार गावांत विचारलं होतं, "या रस्त्यानं गाडी जाते का?" चारही गावांनी सांगितलं, नाही. मोटरसायकलसुद्धा? मोटरसायकलसुद्धा नाही. मॅडम एवढ्या खूश झाल्या की वहीत तिथंच बरोबरची खूण करून मोकळ्या झाल्या. का जात नाही, हे विचारायचं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला गाडी नसलेला रस्ता हवा होता, तो मिळाला, झालं.

"शेवटचा तू नव्हं? मग ऐक," हौसाबाई माझ्याकडे वळल्या. "खिंडीत पोचलास की मोठ्यांदा म्हनायचं, माझ्यामागं कुनी न्हाई. मागं बघायचं न्हाई. म्हनायचं आन् उतरायचं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर कुनीतरी संगट येतं."

श्रीपाद चहा पिता पिता थांबला. मॅडमनी वही उघडली. त्यांना असल्या गोष्टी लिहून घ्यायची हौस. "अगदी सगळेच म्हणतात का हो आजी?"

"गुराखीबी म्हनतो, वऱ्हाड आसलं तर शेवटचा वऱ्हाडी म्हनतो. गाडीत बसलेल्या मानसाला शेवटचा कोन ते कसं कळनार? म्हून या रस्त्याला गाडी न्हाई." मग त्यांनी माझ्या दंडाला धरलं. बाईची पकड चांगलीच घट्ट होती. "पर आदी आपली मानसं मोज. मोजल्याबिगर म्हनू नगंस. त्यो शबूद बोलला की बोलला."

"मावशी, मोजणं हेच माझं काम," मी म्हटलं, आणि आम्ही निघालो.

नवरात्राच्या आधीचे दिवस होते. सकाळी नऊला ऊन होतं, दहाला धुकं आलं. सह्याद्रीत धुकं काही नवीन नाही, पण हे चढत होतं खालून, दरीतनं, आणि रस्त्यावर येऊन बसत होतं. डांबर कधीच उखडलेलं, मधोमध गवत, दोन्ही बाजूंना कारवी. वीस पावलांपलीकडे काही दिसेना. चौघांच्या अंगावर रेनकोट. मॅडमचा निळा, भाईंचा काळा, माझा हिरवा, श्रीपादचा पिवळा. पिवळा मीच आणून दिला होता, लांबून दिसावा म्हणून.

मॅडम आणि भाई पुढे निघून गेले. मी श्रीपादच्या मागं. तो दमत होता, थांबत होता, मी बोलत होतो. "पुढच्या महिन्यात बोहल्यावर चढायचंय, हा चढ काय घेऊन बसलास?" तो हसायचा आणि परत पायडल मारायचा.

अर्ध्या घाटात एक झरा आहे. तिथं माझ्या कॅरिअरवरची पिशवी सुटली. मी वाकून दोरी बांधली, दोन मिनिटं गेली असतील. वर बघितलं तर श्रीपाद नाही. पुढे धुक्यात पिवळं दिसलं. म्हटलं, शहाणा झाला गडी, न थांबता निघाला. मी त्याच्या मागं लागलो.

पण अंतर काही कमी होईना. मी जोर लावला की पिवळं तेवढंच पुढे. मी दम खाल्ला की तेही थांबल्यासारखं. हाक मारली, "श्रीपाद, जरा दमानं." उत्तर नाही. फक्त त्याच्या सायकलच्या फ्रीव्हीलची किटकिट ऐकू येत होती, एका लयीत.

खिंड आली. दोन्ही बाजूंना दरड, मध्ये जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी जागा. पिवळा रेनकोट खिंडीच्या तोंडाशी होता. तेवढ्यात मागनं हाक आली.

"दाजी! दाजी, थांबा!"

श्रीपादचाच आवाज. धाप लागलेला. अंगावर सरसरून काटा आला. समोर श्रीपाद, मागं श्रीपादचा आवाज. हौसाबाईचं बोलणं आठवलं. मागं बघायचं नाही, म्हणायचं आणि उतरायचं. मी मोजलं. निळा पुढे गेला, काळा पुढे गेला, पिवळा समोर, हिरवा मी. चार. मी मोठ्यांदा म्हटलं, "माझ्यामागं कुणी नाही!"

खिंडीतनं आवाज दोनदा घुमला. मागची हाक थांबली. पिवळं उताराला लागलं, त्याच्या मागं मी.

खाली तांबीच्या पुलाजवळ मॅडम आणि भाई आमची वाट बघत होते. तिथंही धुकं होतंच. पिवळा रेनकोट पुलाच्या कठड्यापाशी पाठमोरा उभा, नदीकडे तोंड करून. मॅडमनी चष्मा पुसत बोट फिरवलं, "एक, दोन, तीन, चार. शाब्बास. आणि एकही गाडी नाही!" वहीत वेळ लिहिली. पुलाच्या पलीकडे एक टपरी होती. आम्ही चार चहा सांगितले. तिघांचा पिऊन झाला, चौथ्यावर साय धरली.

"तुमचा मेहुणा लाजतोय की काय?" भाई म्हणाले.

मी बोलवायला गेलो. कठड्यापाशी कुणी नव्हतं. नदीकडे उतरायची वाट नव्हती. आणि पुलाला टेकून तीन सायकली उभ्या होत्या.

मी तसाच पळत सुटलो. सायकलवर बसायचंही सुचलं नाही. भाई मागनं ओरडत आले, "भालूभाई, अहो झालं काय?" मी धावतच होतो. एकच विचार, मालनला काय सांगू. दीड तास चढलो. खिंडीच्या अलीकडे धुकं अचानक संपलं आणि ऊन पडलं. श्रीपाद खिंडीच्या त्या तोंडाशी एका दगडावर बसला होता. अंगात पिवळा रेनकोट. सायकल आडवी, तुटलेली चेन मांडीवर, हात ग्रीसनं काळे.

"झऱ्यावर पाणी भरत होतो," तो म्हणाला. "वर बघतो तर तुम्ही पुढे. मागं मागं आलो, तर इथं चेन तुटली. हाका मारल्या, दाजी."

"ऐकू नाही आल्या," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असेल. धुकं होतं." भाईंनी येताना माझ्या कॅरिअरवरची पिशवी आणली होती, तिच्यातलं यंत्र काढून मी चेन जोडली. पिन तीनदा खाली पडली. भाईंनी त्याला पाणी पाजलं आणि आम्ही त्याला धड घरी आणलं. मालननं त्याच्यावरनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. मला वाटलं, सुटलो.

सुटलो कसला!

पंधरा दिवसांनी मुलीकडची माणसं आली, याद्या करायला. पाचजण. श्रीपाद माझ्या शेजारी, नवा शर्ट घालून. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलीचे मामा म्हणाले, "नवरदेव कुठं बाहेर गेलेत का?" सगळे हसले. श्रीपादही हसला. मामा ओशाळले, माफी मागितली. दहा मिनिटांनी मुलीच्या वडलांनी तेच विचारलं. तेव्हा कुणी हसलं नाही.

नकार आला नाही, बरं का. फोन केला की ते छान बोलायचे, पाऊसपाणी विचारायचे. लग्नाचा विषयच निघायचा नाही. आपण काढला तर, "हो हो, ते बघू या," आणि परत पाऊसपाणी. चार महिन्यांनी त्या मुलीचं दुसरीकडे लग्न झालं आणि त्याची पत्रिका आम्हाला आली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना आठवतच नव्हतं.

मग आमच्या लक्षात यायला लागलं. एसटीत कंडक्टर त्याच्या शेजाऱ्याचं तिकीट फाडून पुढे जायचा. पंगतीत वाढपी त्याचं पान ओलांडून जायचा. शाळेच्या वार्षिक फोटोत तो होता, पण खाली छापलेल्या नावांत नव्हता. हाक मारली, हात धरला, की माणसं दचकून म्हणायची, "अरे, तू इथंच होतास?" बोलायची, गप्पा मारायची. नजर हलली की पुसलं.

एका दिवाळीला आम्ही जेवायला बसलो. मालननं पाच ताटं घेतली. आम्ही सहा. आमची दोन मुलं, माझ्या सासूबाई, मी, मालन आणि श्रीपाद. श्रीपाद भिंतीला टेकून उभा होता. मालनची नजर त्याच्यावर गेली आणि हातातली वाटी तशीच राहिली.

"मी तुला विसरले?" ती म्हणाली. "अरे, माझ्या पाठचा भाऊ तू. तुला कडेवर घेऊन वाढवलं मी. मी कशी विसरले?" आणि ती जी रडायला लागली, ती आवरेना. श्रीपादच तिला समजावत बसला. "जाऊ दे गं ताई. घरात माणसं जास्त झाली की होतं असं." घरात कुठली माणसं जास्त? मी उठून सहावं ताट मांडलं.

घाटातल्या त्या दिवसाला चार वर्षं होत आली तेव्हा मी श्रीपादला घेऊन परत आंबेखोलला गेलो. हौसाबाई होत्या, जास्त वाकलेल्या. मी सगळं सांगितलं. त्या श्रीपादला शोधत राहिल्या, मी त्याचा हात धरून पुढे केला तेव्हा कुठं दिसला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मोजल्याबिगर म्हनलास?"

"मोजलं होतं मावशी. चार भरले."

"रंग मोजलंस. मानसं न्हाई मोजलीस."

"उलटवता येतं का?"

त्या घाटाकडे बघत म्हणाल्या, "ज्यानं म्हनलं त्यानं मागं ऱ्हायचं. ज्याला टाकलं त्यानं खिंडीत हुबं ऱ्हाऊन म्हनायचं. तो मानसांत येतो."

"आणि मागं राहिलेला?"

"तेच की," त्या म्हणाल्या. "आता काय इस्कटून सांगू?"

मला सगळं कळलं होतं, आता त्याच्या जागी मी जायचं. माझी पन्नाशी झाली होती, संसार झाला होता, मुलं मोठी होती. श्रीपादचं काहीच झालं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "चल." त्यानं सायकल काढली.

त्याही दिवशी धुकं खालनंच आलं. झऱ्यापर्यंत आम्ही बरोबर होतो. मग मी म्हटलं, "तू हो पुढे. मी मागनं येतो." तो गेला. मी हळूहळू सायकल ढकलत चढलो. खिंड दिसायला लागली. तो तिच्या तोंडाशी उभा होता, पाठमोरा. मी वीस पावलांवर थांबलो आणि वाट बघू लागलो. मागं धुक्यात काहीतरी किटकिटत होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तो काही बोलेना.

"म्हण की रे," मी ओरडलो.

"नाही."

"श्रीपाद, वेड्यासारखं करू नकोस. एवढं एक वाक्य म्हण आणि उतर खाली. ताईसाठी तरी म्हण!"

तो वळला. "मागं माणूस दिसत असताना कसं म्हणू, दाजी? मला नाही जमायचं ते."

मी तिथंच सायकल सोडली आणि खाली बसलो.

आता तुम्हालाही सांगतो, कारण मघाशी हे मी गाळलं. मी त्या दिवशी मागं बघितलं होतं. "दाजी, थांबा," ऐकल्याबरोबर मान वळलीच. तीस वर्षांची सवय, शेपटाला हाक आली की तो बघतोच. श्रीपाद वीस पावलांवर होता. हातात चेन लोंबत होती, चेहरा घामानं भरलेला. खरा श्रीपाद. मला क्षणभरही शंका आली नाही, कारण पुढच्याबद्दलची शंका अर्ध्या घाटातच आली होती. फ्रीव्हील किटकिटतं ते पायडल थांबलं की. उतारावर. मी सायकलवाला आहे, मला हे कुणी शिकवायला नको. अख्खा चढ पुढनं ती किटकिट येत होती. पायडल न मारता कुणीतरी घाट चढत होतं.

आणि मी मागं बघितलं तेव्हा पुढचं ते थांबलं होतं. वळत होतं. श्रीपादला आणायला जायचं तर मला त्याच्याकडे पाठ करावी लागली असती. नाही झाली हिंमत. मी भ्यालो. माझ्या बायकोच्या भावाच्या डोळ्यांत बघत मी म्हटलं, माझ्यामागं कुणी नाही. ते म्हटल्याबरोबर पुढचं परत चालू पडलं, आणि मी जीव मुठीत धरून त्याच्याच मागं उतरलो.

"तुला पाहिलं होतं मी," मी खाली मान घालून म्हटलं. "ऐकलंही होतं."

"माहितीये," श्रीपाद म्हणाला. "नजरानजर झाली होती आपली."

"मग चार वर्षं बोलला का नाहीस?"

"काय बोलू? ताईनं तुम्हाला घराबाहेर काढलं असतं." तो माझ्याकडे चालत आला. "पहिलं वर्षभर तुमचा इतका राग होता की तुमच्या दुकानावरनं जायचो नाही. मग म्हटलं, या माणसाला तरी मी दिसतो. सगळ्यांच्यात तुम्ही एकटेच मला कधी विसरला नाहीत. एक दिवसही नाही."

"विसरणार कसा?" मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं. पन्नाशीचा बाप्या रस्त्यात बसून हुंदके देतोय, बघायला कुणी नव्हतं म्हणून बरं. त्यानं माझी सायकल उचलली, मला उठवलं.

खाली गेल्यावर काही बदललं नाही, ते आत्ताच सांगून टाकतो. कंडक्टर अजून पुढे निघून जातो. वाढपी पान ओलांडतो. मॅडमच्या पुस्तिकेत ही वाट कधी आली नाही, एवढं मात्र मी केलं. पण त्या दिवशी खिंडीतनं आम्ही दोघं जोडीनं निघालो, कुणी पुढे नाही, कुणी मागं नाही. जागा अरुंद, हँडलला हँडल घासत होतं. किटकिट खिंडीच्या तोंडापर्यंत आली आणि तिथंच थांबली. सगळा उतार मी मान वळवून त्याच्याकडेच बघत होतो, नजर काढायची भीती वाटत होती. त्यानं दोनदा सांगितलं, "दाजी, समोर बघा, पडाल." मी काही समोर बघितलं नाही.